टाचेवरचा काळा डाग आणि बच्छाव सर

डॉ. यशवंतराव बच्छाव यांची आणि माझी पहिली भेट पाच मिनिटांची होती. ऐंशीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मी रावेर तालुक्यातल्या केळीवाल्या घरातली. जळगावला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्नानंतर धुळ्याला आले. देवपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माणूस हवा आहे असे कळले, म्हणून गेले. लॅब दोन खोल्यांची होती. पुढच्या खोलीत रक्त-लघवीची तपासणी चाले. मागच्या खोलीत सर, त्यांचा सूक्ष्मदर्शक आणि मेणात बसवलेल्या तुकड्यांनी भरलेले लाकडी खण.

सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काच ठेवली आणि विचारले, “काय दिसतं?”

“रोगाचं मला काही कळत नाही,” मी म्हणाले. “पण काप जाड आहे.”

“कशावरून?”

“एकावर एक थर दिसतात. कॉलेजात आम्ही खोडाचे काप घ्यायचो. असा काप नेला तर आमच्या बाई वही परत भिरकवायच्या.”

“हा काप मी घेतला आहे.”

“मग तुम्ही घेत जाऊ नका.”

सर खळखळून हसले आणि म्हणाले, “उद्या दहाला या.” माझ्या आधी आलेल्या तीन उमेदवारांना त्याच काचेत बरेच काही दिसले होते, हे मला नंतर समजले. त्या दिवसापासून आजपर्यंत सरांनी एकही काप स्वतः घेतलेला नाही.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला लिहायला सांगितले. मला भाषणे येत नाहीत. जे पाहिले ते लिहिते.

आमचे काम वाचकांना माहीत असेलच असे नाही. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप घ्यायचे, ते काचेवर चिकटवून रंगवायचे आणि सरांपुढे ठेवायचे, हे माझे काम. पाहून सांगायचे, हे सरांचे. सांगण्यात त्यांचा एक नियम आहे. जे दिसते ते लिहायचे, जे दिसत नाही ते दिसले असे लिहायचे नाही, आणि शंका असली तर शंका असे लिहायचे. काही डॉक्टरांना हे आवडत नसे. “बच्छाव, शंका काय लिहिता, निर्णय लिहा,” असे फोन येत. सर शांतपणे म्हणत, “निर्णय दिसला की लिहीन.”

आपल्या भागात शेतात अनवाणी चालणारे पुष्कळ. बाभळीचा काटा टाचेत रुततो, तो काढला की त्या जागी गरम बिब्बा लावायचा, ही घरोघरची रीत. माझ्या आईने मलाही लावला आहे. बिब्ब्याने कातडी काळी पडते. त्यामुळे तळपायावर काळा डाग असला तर आपल्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. नेमक्या त्याच जागी आणि त्याच रंगाचा एक वाईट कर्करोग होतो. रोगी म्हणतो बिब्बा, घरचे म्हणतात बिब्बा, आणि गावचा डॉक्टर घाईत असला तर तोही म्हणतो बिब्बा. मग तुकडा आमच्याकडे येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

सर याबाबत एकच वाक्य सांगत आले. “बिब्ब्याचा डाग कातडीबरोबर झडून जातो. जो झडत नाही आणि वाढतो, तो बिब्बा नव्हे.” हे त्यांनी डॉक्टरांच्या सभेत सांगितले, शाळांत सांगितले, आणि एस.टी.त शेजारी बसेल त्यालाही सांगितले. एकदा दोंडाईच्याला जाताना एका मिरचीच्या व्यापाऱ्याने भर गाडीत बूट काढून पाय पुढे केला आणि अहिराणीत म्हणाला, “डाक्टर, हाऊ दखा बरं.” सरांनी चष्मा लावला, बोटाने घासून पाहिले आणि म्हणाले, “शेठ, हाऊ बुटना रंग शे. बूट बदला.” सगळी गाडी हसली. पण पुढच्या थांब्यापर्यंत आणखी चार जणांनी आपापले पाय दाखवले, आणि सरांनी प्रत्येक पाय तितक्याच गांभीर्याने पाहिला. लग्नातही तेच. लोक पंगतीत ताटाकडे पाहतात, सर चपला काढून येणाऱ्यांच्या पायांकडे पाहतात. त्यांच्या सौभाग्यवती यावरून त्यांना बोलतात, आणि बरोबर बोलतात. मात्र एका वऱ्हाडी बाईंच्या पायाचा डाग असाच पंगतीत सापडला आणि वेळेत निघाला, हेही नोंदवले पाहिजे.

डाग कर्करोगाचा आहे हे कळल्यावर रोग्याचा एकच प्रश्न असतो. आता पुढे काय होणार? याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. काचेखाली दोन गाठी सारख्या दिसत. एकीचा धनी वर्षात जाई, दुसरीचा धनी दहा वर्षांनी बैल हाकताना दिसे. सरांना हे फार टोचत असे. नव्वदच्या सुमारास त्यांच्या वाचनात आले की पेशी दुभंगायच्या तयारीला लागली म्हणजे तिच्या केंद्रकात एक विशिष्ट प्रथिन वाढते, आणि ते ओळखणारे द्रव्य आता मिळू लागले आहे. ते द्रव्य कापावर घालून पुढची रसायने दिली की जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. तपकिरी केंद्रके जितकी जास्त, तितका रोग वेगाने धावणारा. परदेशातल्या लोकांनी हे गोऱ्या कातडीवर पाहिले होते. सरांना ते साक्री-शिरपूरच्या टाचांवर खरे ठरते का, हे पाहायचे होते.

ते द्रव्य अत्तराच्या कुपीएवढ्या बाटलीत यायचे आणि थंड ठेवावे लागायचे. सरांचे एक वर्गमित्र मुंबईहून ते बर्फाच्या थर्मासात घालून आणत. आमच्याकडे फ्रीज होता, वीज नेहमी असेच असे नाही. वीज गेली की मी थर्मास घेऊन पांझरेचा पूल ओलांडे आणि बर्फाच्या कारखान्यात ती कुपी ठेवून येई. कारखान्याचे मालक मला पाहताच विचारत, “बाई, तुमचा पेशंट आज किती दिवस मुक्कामाला?” मी त्यांना सांगितले की तुमच्या कुल्फीपेक्षा तो जपून ठेवा. त्यांनी तो खरोखरच जपला. त्यांचेही आभार इथे मानते.

पण रंगाने काय सांगितले हे पुरे नव्हते. ते खरे ठरले का, हे पाहायला रोगी पुढे जगला की गेला हे कळायला हवे. आम्ही जवाबी कार्डे पाठवली. डोंगरातल्या गावांतून उत्तरे येत नसत. सर म्हणाले, “माणूस दवाखान्यात परत येत नाही, पण बाजारात येतो.” तेव्हापासून ते नावांची वही घेऊन आठवडे बाजाराला जाऊ लागले. दुपारी बाराच्या उन्हात एम.डी. झालेला डॉक्टर भुईमुगाच्या पोत्यावर बसून लोकांची चौकशी करतो, हे पाहून सुरुवातीला लोकांना ते सरकारी पाहणीवाले वाटले. पुढे ते “पाय दखनारा डाक्टर” म्हणून सगळ्या बाजारात ओळखीचे झाले.

आता बनाअक्कांविषयी.

सात वर्षांपूर्वी साक्रीकडच्या डोंगरातल्या एका गावातून त्या आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, नवरा वारलेला, मूल नाही. डोंगरउतारावर थोडी जमीन, त्यात नागली आणि भुईमूग. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन दोन तास चालत साक्री गाठायची, असा त्यांचा संसार. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता. बिब्बा लावून दोन वर्षे झाली होती आणि डाग वाढत होता. त्या स्वतःहून आल्या, कारण बाजारात त्यांनी सरांचे वाक्य ऐकले होते. धुळ्यातल्या एका शल्यचिकित्सकांनी तुकडा काढून आमच्याकडे पाठवला. कर्करोगच निघाला. शल्यचिकित्सकांचे मत पडले की गुडघ्याखाली पाय काढावा.

अक्का थेट लॅबमध्ये आल्या आणि सरांसमोर उभ्या राहिल्या.

“डाक्टर, पाय गया ते मी कशी जगसू? डोंगर काय मनाकडे चालत येस का?”

“अक्का, दोन दिन थांबा. तुमना तुकडाले अजून एक गोष्ट इचारनी शे.”

“तुकडाले इचारस? आनि माले?”

“तुमले बी इचारसूत. आगोदर त्याले.”

सरांनी शल्यचिकित्सकांशी बोलून ठरवले. प्रथिनाचा रंग थोड्या केंद्रकांत आला तर फक्त डागाभोवतीची कातडी रुंद काढून मांडीची कातडी लावायची. पुष्कळ केंद्रकांत आला तर पाय काढायचा. म्हणजे अक्कांचा पाय मी रंगवणार असलेल्या एका कापावर येऊन ठेपला.

आता मला माझी चूक लिहायची आहे. मागितला आहे गौरवलेख, हे मला ठाऊक आहे. ही चूक वगळून मला सरांचा गौरव लिहिता येत नाही.

कातडीतले काळे द्रव्य, मेलॅनिन, पातळ कापात तपकिरी दिसते. प्रथिन दाखवणारा रंगही तपकिरीच. गोऱ्या कातडीत ही अडचण फारशी येत नाही, आपल्यात येते. म्हणून असा काप आधी पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात आणि मग ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये बुडवून त्याचा मूळचा रंग उडवावा लागतो. यात एक धोका असतो. काप काचेवरून सुटून वाहून जातो. अक्कांचा तुकडा लहान होता आणि त्यातला रंग मला फिकट वाटला. रंग उडवायची गरज नाही, असे मी नजरेने ठरवले. दुसरे म्हणजे कोरा काप. आमच्या लॅबचा हा शब्द. शेजारी तोच आणखी एक काप घ्यायचा, सगळे सोपस्कार तेच करायचे, फक्त प्रथिन ओळखणारे द्रव्य त्यावर घालायचे नाही. त्यावरही तपकिरी दिसले तर तो रंग प्रथिनाचा नव्हे. तुकडा वाचावा म्हणून त्या दिवशी मी कोरा काप घेतला नाही. दहा वर्षे माझ्या हातून काही बिघडले नव्हते, हे त्याचे खरे कारण.

काप सगळा तपकिरी आला. सरांनी बराच वेळ पाहिले. “पुष्कळ आहेत,” ते हळू म्हणाले आणि त्यांनी सही केली. शस्त्रक्रिया एक दिवस सोडून सकाळी नऊला ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुकडा खणात ठेवण्याआधी संग्रहासाठी म्हणून मी त्याचा आणखी एक काप घेतला. न रंगवता, सहज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याच जागी तोच तपकिरी रंग. त्या कापाला मी काहीच लावलेले नव्हते. मी खुर्चीवर बसले. कामाच्या वेळी मी कधी बसत नाही.

तो साक्रीच्या बाजाराचा दिवस होता आणि सर पहाटेच्या गाडीने गेले होते. मी शल्यचिकित्सकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाई, रिपोर्टवर सही बच्छावांची आहे. ते म्हणाले तर थांबतो. तुम्ही म्हणता म्हणून कसा थांबू?” त्यांचे बरोबर होते. मी स्टँडवर जाऊन साक्रीची एस.टी. पकडली.

बाजारात सर भुईमुगाच्या पोत्यांजवळ सापडले. भोवती पाच-सहा जण होते आणि वाद रंगला होता.

“गंगाराम कोनता? तोतरा का लंबा?”

“पायले डाग व्हता तो,” सर म्हणाले.

“तो ते जित्ता शे! कालदिन मनासंगे भांडना. मनी बकरी त्याना वावरमा गयी व्हती.”

“भांडना म्हंजे तब्येत चांगली शे,” असे म्हणत सरांनी वहीत खूण केली. सगळे हसत असतानाच त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

“सोनवणेबाई? तुम्ही इथे कशा? लॅबला आग लागली का?”

“तसंच समजा,” मी म्हणाले आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले.

सरांनी वही मिटली. “तुकडा शिल्लक आहे?”

“आहे. पाच-सहा काप निघतील.”

“चला.”

आम्ही परतीची गाडी पकडली. मग मी म्हणाले, “सर, नव्या अहवालात स्पष्ट लिहा, रंगवण्यात माझी चूक झाली.”

“रंग तुमचा, वाचन माझं. सही वाचनाखाली असते.” थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, “कोरा काप मी मागायला हवा होता. तुमच्या हातचं काम म्हणून मागितला नाही. याला मी विश्वास म्हणत होतो. तो आळस होता.”

मी तिकिटाच्या मागे नव्या कापांचा हिशेब मांडू लागले. तेव्हा सर म्हणाले, “एक सांगू का? मला तुमचा दहा वर्षं धाक वाटत होता. आज जरा मोकळं वाटतं.”

मला त्या वेळी हसू आले नाही. आता येते.

धुळ्याला उतरल्यावर सर घरी गेले नाहीत, सरळ दवाखान्यात गेले. शल्यचिकित्सक म्हणाले, “बच्छाव, सगळी तयारी झाली आहे. रोग काय तुमच्यासाठी दोन दिवस थांबणार?”

“दोन दिवसांत निसटणारा रोग असेल तर तो पाय कापूनही थांबायचा नाही,” सर म्हणाले. “माझा अहवाल चुकीचा आहे. मी तो परत घेतो.” आणि तिथेच टेबलापाशी उभे राहून त्यांनी तसे लिहून दिले. चूक कोणाची, याचा त्यात एक शब्द नव्हता. फक्त ‘मी’ होते.

मग ते अक्कांच्या खाटेपाशी गेले. अक्कांनी मनाची तयारी करून टाकली होती. पायातले चांदीचे तोडे त्यांनी भाचीला देऊन टाकले होते. एका पायात तोडा घालून काय करायचे, असा त्यांचा हिशेबी विचार. भाची ते घालून उशाशी बसली होती. इतर डॉक्टर अशा वेळी ‘आणखी एक तपासणी बाकी आहे’ असे म्हणून मोकळे होतात. सर म्हणाले,

“अक्का, मनी चूक व्हयनी. तुमना तुकडानी जे सांगं, ते मी चुकीनं वाचं. परत वाचनं पडी.”

अक्कांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “तू इतला शिकेल, आनि तुले वाचता येस नही?”

“आज नही ऊनं.”

“मंग नीट वाच. मी कोठे पळी चालनी?”

मी सहा काप घेतले. रंग उडवताना दोन वाहून गेले. चार राहिले, त्यांतला एक कोरा ठेवला. रंगवण्याचे काम दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी सरांनी आधी कोरा काप पाहिला. तो स्वच्छ होता. मग बाकीचे पाहिले. तपकिरी केंद्रके होती, पण विरळ, इथे एक, तिथे एक. सरांनी तीनदा मोजली. नंतर आपला आकडा न सांगता मला मोजायला बसवले. माझा आकडा त्यांच्या आकड्याला येऊन मिळाला, तेव्हा त्यांनी लेखणी उचलली. त्या अहवालाची शेवटची दोन वाक्ये मला पाठ आहेत. “पाय काढावा असे या कापात काही दिसत नाही. पुढे काय होईल याची हमी हा काप देऊ शकत नाही.”

शल्यचिकित्सकांनी डाग रुंद काढला आणि मांडीची कातडी लावली. त्यांनी फार सुबक काम केले. महिन्याभरात अक्का टाच टेकू लागल्या. जाताना सर म्हणाले, “अक्का, दर महिनाले दखाडाले येनं पडी.”

“दर महिनाले? मी काय तुना दवाखानानी सून शे?”

तरी त्या आल्या. पहिले वर्ष दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी, आता वर्षातून एकदा. येताना भुईमुगाच्या शेंगा आणतात. भाचीने तोडे परत केले नाहीत, ही त्यांची एकमेव तक्रार आहे, आणि ती त्या दर वर्षी सरांकडे नोंदवतात, कारण त्यांच्या मते दोष सरांचा आहे.

पुढे सरांनी जे केले ते मला त्याहून मोठे वाटते. तोवर रंगवलेले सगळे जुने काप त्यांनी रद्द धरले. एका परिषदेत त्यांचा निबंध ठरला होता, तो त्यांनी मागे घेतला. मी म्हणाले, “सर, बाकीच्यांचे रंग मी उडवले होते. ते बरोबर असतील.”

“असतील. पण प्रत्येकाच्या शेजारी कोरा काप आहे का?”

प्रत्येकाच्या शेजारी नव्हता. आम्ही सगळे पुन्हा केले. वर्षाच्या वर गेले. मग जळगावला डॉक्टरांच्या सभेत सरांनी ते काम मांडले आणि पडद्यावर पहिलेच चित्र दाखवले ते अक्कांच्या त्या चुकीच्या कापाचे. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, “बच्छाव, स्वतःची चूक एवढी मोठी करून कशाला दाखवता?” सर म्हणाले, “आपल्या लोकांची कातडी सावळी आहे. ही चूक पुन्हा कोणाच्या तरी हातून होणार. त्याला ती आधीच माहीत असावी.” रंग उडवण्याबद्दल कोणीतरी प्रश्न विचारला, तर सरांनी माईक माझ्याकडे दिला. “याचं उत्तर सोनवणेबाई देतील. काप त्यांचे आहेत.” शंभरेक डॉक्टरांसमोर मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. थोडक्यात बोलले.

प्रथिनाने भविष्य कळते का? लोक विचारतात म्हणून सरांचेच उत्तर देते. “ते प्रथिन शेजाऱ्यासारखं आहे. घरात काय चाललंय त्याचा त्याला अंदाज असतो. सगळं ठाऊक नसतं.” गाठ किती खोल गेली आहे हेही तितकेच पाहावे लागते, आणि दोन्ही पाहूनही कधी कधी आम्ही चुकतो. वहीत असेही लोक आहेत ज्यांचे काप चांगले होते आणि जे आज नाहीत. त्यांची नावे सर खोडत नाहीत. त्यांच्या घरी मात्र जातात.

सरांचे दोष सांगितले नाहीत तर हा लेख खोटा होईल. त्यांचे अक्षर वाईट आहे. ते छत्री विसरतात आणि दुसऱ्याची घेऊन येतात. नाही म्हणणे त्यांना जमत नाही, ते काम मला करावे लागते. पण संध्याकाळी सहानंतर ते कोणालाही काप घेऊ देत नाहीत. डोळे थकले की पाते बोटावर जाते, असे म्हणून ते स्वतः काप घेण्याच्या यंत्रावर झाकण घालतात. माझ्या हाताखाली शिकलेल्या सहा मुलींपैकी एकीच्याही बोटाला आजवर टाके पडलेले नाहीत. त्या मुली आज ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा सांभाळतात, आणि कोरा काप शेजारी ठेवल्याशिवाय काच पुढे करत नाहीत.

गेल्या महिन्यात अक्का वार्षिक तपासणीला आल्या. सरांनी नेहमीप्रमाणे पाय मांडीवर घेऊन पाहिला, जांघेत कुठे गाठ तर नाही ना हे मला चाचपायला लावले, वहीत खूण केली. मी सांगितले, “अक्का, सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत.”

“साठ? मंग आते हाऊ घर बठी का?”

सर म्हणाले, “कसा बठसू, अक्का? सात वरीस व्हयनात. वीस वरीस दखनं शे. मंग तुमना निकाल लागी.”

“म्हंजे मी जित्ती शे तवलगून तुनं काम पुरं व्हस नही?”

“नही.”

“मंग तुले बी तवलगून जगनं पडी,” अक्का म्हणाल्या. “आनि मी काय लवकर जानारी नही, सांगी ठेवस.”

अक्कांची प्रकृती मी स्वतः तपासली आहे. ती उत्तम आहे. त्या अजूनही डोंगर उतरून दोन तास चालत बाजाराला येतात, दोन्ही पायांवर. तेव्हा सरांनी पुढची तेरा वर्षे राखून ठेवली पाहिजेत, यात चर्चेला जागा नाही. शिवाय त्यांच्याकडे दर महिन्याला कोणीतरी नवा माणूस टाच दाखवायला येतो, आणि त्याच्यापासून वीस वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे डोळे आणि गुडघे शाबूत राहोत, आणि यातल्या प्रत्येकाचा निकाल त्यांनी स्वतः बाजारात जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. काप घ्यायला मी आहे.